एका शेअरचा सभासद

कंपनी मोठे गेम बंद करणार आहे की नाही, एवढा एकच प्रश्न मला विचारायचा होता. सहामाही परीक्षेत 'चूक की बरोबर ते लिहा' असं आम्ही देतो, त्या तोडीचा प्रश्न. हो म्हणा, नाही म्हणा, आम्ही आमच्या वाटेने जातो. पण या प्रश्नापायी मला बँकेत देशद्रोह्यासारखं बसावं लागलं, मंगल कार्यालय घ्यावं लागलं आणि शेवटी प्रश्न विचारायचा तो राहूनच गेला. झालं ते असं.

आमची मुलगी प्रियदर्शनी पुण्याला त्या कंपनीच्या शाखेत आहे. कंपनी युरोपातली. तिचं नाव लिहायचं एक आणि उच्चारायचं भलतंच असल्यामुळे आमच्या कॉलनीत सगळे 'प्रियाची कंपनी' म्हणतात. मीही कुणाला दुरुस्त करत नाही. कंपनी व्हिडिओ गेम काढते. साधे नव्हेत, मोठे. एका गेमवर चारपाचशे माणसं पाचसहा वर्षं राबतात आणि मग तो बाजारात येतो. प्रिया या गेममधले डोंगर आणि नद्या करते. मी उंब्रजच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे मला सुरुवातीला हा पोरखेळच वाटला होता. मग एकदा तिने मला तिची नदी दाखवली. वळणाच्या बाहेरच्या काठावर गाळ साचलेला. मी म्हटलं, बाई, गाळ आतल्या काठाला साचतो, बाहेरचा काठ झिजतो. तिने वरिष्ठांना सांगून सगळी नदी बदलून घेतली. त्या दिवसापासून कंपनीबद्दल मला आदर आहे.

तर या कंपनीबद्दल पेपरात आणि मोबाइलवर काहीबाही यायला लागलं. मोठे गेम परवडत नाहीत, एवढा खर्च करून एखादा पडला तर कंपनी बसते, त्यामुळे यापुढे फोनवर खेळायचे छोटे गेमच काढणार म्हणे. कुणी लिहायचं काढणार, कुणी लिहायचं अफवा आहे. त्याच सुमारास कराडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक विभागात जागा निघाली. प्राचार्य माझ्या ओळखीचे. ते म्हणाले, "सर, तुमच्या मुलीसाठी महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढं माझ्या हातात नाही."

मी प्रियाला कळवलं. ती म्हणाली, "पप्पा, मोठे गेम चालू राहणार असतील तर मी इथंच राहीन. बंद होणार असतील तर येते. पण इथं कुणी काही सांगतच नाही. आमच्या साहेबांनाच माहीत नाही."

ती घरी यावी असं मला फार वाटत होतं. सकाळी डबा घेऊन जावी, संध्याकाळी परत यावी, जेवताना समोर असावी. पण हे तिला सांगणं मला प्रशस्त वाटेना. आईबापांनी मुलांच्या करिअरच्या आड येऊ नये, हे मी पालकसभेत दरवर्षी सांगतो आणि त्याला टाळ्याही पडतात. तेव्हा मी ठरवलं की आपण काही बोलायचं नाही, फक्त खरी माहिती काढून तिच्या हातात ठेवायची. माहिती 'बंद होणार' अशीच निघेल, याची मला मनातून खात्री होती.

सल्ल्यासाठी लालासाहेबांकडे गेलो. लालासाहेब आमच्या कॉलनीच्या तोंडाशी राहतात. ऊस आहे, बंगला आहे आणि एके काळी ते साखर कारखान्याचे संचालक होते. कुठली संस्था टिकणार आणि कुठली बुडणार यावर त्यांचं मत उंब्रजपासून पलूसपर्यंत लोक विचारायला येतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"एका गेमला पाच वर्सं?" ते म्हणाले. "मग आपला कारखाना बरा की, सर. दरसाल साखर तर निघती."

"पण बंद करतील का?"

"चेअरमन काय म्हनतोय?"

मी मोबाइल काढून वाचून दाखवलं. अध्यक्षांनी एका मुलाखतीत म्हटलं होतं की कंपनी भविष्याकडे लवचिक दृष्टीने पाहत आहे.

लालासाहेबांनी सुपारी कातरायची थांबवली. "लवचिक म्हनला? मग कठीन हाय. आमी 'सभासदांच्या हिताचा योग्य तो निर्नय घेऊ' म्हनायचो, तवा आदीच निर्नय झालेला असायचा. तरी पन खात्री करा. पोरीला इचारा, हापिसातला चा पातळ झालाय का. संस्था बसायला लागली की पयला चा पातळ हुतो. मग गेस्ट हाऊसचे पडदे धुवायचे बंद हुत्यात."

मी प्रियाला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, इथं कॉफीचं मशीन आहे. म्हणजे होतं. दुरुस्तीला नेलंय, अजून आणलं नाही."

हे लालासाहेबांना सांगितल्यावर त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "आता इचारायची जागा एकच. वार्षिक सर्वसाधारन सभा. एक शेअर घ्या सर. हज्जार शेअरवाला गप बसतो, त्याचं आतून जमल्यालं असतं. पन एका शेअरचा सभासद माइकवर आला की चेअरमनसकट समद्या संचालकांना पानी प्यावं लागतं. मी पेलोय."

मला हा विचार एकदम पटला. आमच्या या दोन जिल्ह्यांतल्या कुठल्याही माणसाला पटला असता. आमच्याकडे माणूस गावाला पाहुणा म्हणून गेला तरी तिथल्या सोसायटीच्या सभेत डोकावून येतो. युरोपात सभेची रीत काही निराळी असेल, ही शंका आमच्या दोघांच्याही मनाला शिवली नाही.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा अर्ज घेतला. त्यात कारण लिहायचं होतं. शिक्षण, औषधोपचार, पर्यटन, नातेवाइकांचा निर्वाह, गुंतवणूक. मला यातलं काहीच करायचं नव्हतं, मला प्रश्न विचारायचा होता. तसं मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिने मला आत मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर नवीन होता, बदली होऊन आलेला. त्याने अर्ज पाहिला, मला पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला आणि दार लावून घेतलं.

"सर, तुम्हाला कुणाचा फोन आला होता का? पोलीस आहे, कस्टमवाला आहे, असं कुणी सांगून पैसे पाठवायला लावतंय का?"

मी म्हटलं, मला लालासाहेबांनी सांगितलंय. तो म्हणाला, हे लालासाहेब तुम्हाला प्रत्यक्ष भेटलेत का? गेली बावीस वर्षं भेटताहेत, असं मी सांगितल्यावरही त्याचं समाधान झालं नाही. त्याने शालूला, म्हणजे माझ्या पत्नीला, फोन लावला आणि मिस्टरांची तब्येत कशी आहे ते विचारलं. शालू म्हणाली, "तब्येत चांगली हाय, सवय तशी हाय त्येंची." या उत्तरावर अर्ज पुढे सरकला. माझ्या प्रतिष्ठेचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

मग पॅन कार्डावरच्या नावात वडिलांचं नाव आधी, पासबुकात नंतर. मग सही जुळेना. मी वहीतपासणीत इतक्या सह्या केल्या आहेत की माझी सही आता नुसती रेघ उरली आहे, बँकेला पहिली पल्लेदार सही हवी होती. घरी बसून मी माझीच सही गिरवून आलो. शेवटी एकदाचा शेअर माझ्या नावावर लागला. लालासाहेबांनी स्वतः हार आणून मला घातला आणि 'आमचे सभासद' म्हणून स्टेटस ठेवलं.

कंपनीला मी ईमेल पाठवला की मी सभासद आहे, मुलगी तुमच्याकडे आहे, सभेत बोलू इच्छितो. भागधारकांचं काम पाहणाऱ्या बाईंचं उत्तर आलं, आणि ते अत्यंत नम्र होतं. सभेला ऑनलाइन बसता येईल, इंग्रजीत बोलता येईल, आपल्याला तीन मिनिटं दिली आहेत, आपण एवढ्या लांबून रस घेतलात याचा आनंद वाटतो. एवढ्या नम्रतेने मला माझ्या खात्याने वेतनवाढीबद्दलही कधी लिहिलेलं नाही.

तीन मिनिटं मात्र माझ्या मनाला लागली. उंब्रज परिसरात कुठलाही कार्यक्रम असो, प्रास्ताविक माझ्याकडे असतं. तीन मिनिटांत माझं व्यासपीठावरच्या मान्यवरांपर्यंतही पोचणं होत नाही. मी भाषण कापत कापत आणलं. मान्यवरांची नावं काढली, कंपनीची वाटचाल काढली, भौगोलिक पार्श्वभूमी जड अंतःकरणाने काढली. शेवटी एक नमस्कार आणि एक प्रश्न उरला. शालूपुढे म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "लय चांगलं झालं. एवढं छोटं तुमी आयुष्यात बोलला न्हाई."

सभा घरी लॅपटॉपवर ऐकायचा माझा बेत होता. पण स्टेटसमुळे बातमी फुटली होती. दस्तगीरभाई आले. ते महामार्गाच्या कडेला मंडप, स्पीकर आणि पडदे भाड्याने देतात. म्हणाले, "सर, आपला माणूस परदेशात बोलणार आणि लॅपटॉपच्या डबड्यातून? माझी अब्रू जाईल. पडदा माझा, साउंड माझा. फकस्त हॉल बघा."

लालासाहेबांनी मंगल कार्यालय पाहिलं. लग्न नव्हतं, पण आदल्या दिवशीच्या साखरपुड्याच्या झालरी तशाच होत्या. साठसत्तर माणसं जमली. निम्म्यांना वाटत होतं की मी कंपनीत संचालक झालोय. एका म्हातारबांना वाटत होतं की प्रियाचं ठरलं.

त्यांची दुपार होती, आमची संध्याकाळ. पडद्यावर मोठा हॉल दिसला, रांगेने बसलेली वयस्कर माणसं, स्टेजवर अध्यक्ष आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संचालक. अध्यक्षाने स्वागत केलं आणि लगेच ताळेबंद वाचायला घेतला.

"थांबा," लालासाहेब माझ्या कानाशी म्हणाले. "श्रद्धांजली न्हाई घेतली."

आमच्याकडे सभेची सुरुवात त्याशिवाय होत नाही. वर्षभरात जे ज्ञात-अज्ञात सभासद वारले त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं, मग भांडायला सुरुवात करायची. अगदी खुर्च्या फेकायचा बेत ठरलेला असला तरी श्रद्धांजली आधी होते.

"त्यांच्यात नसेल," मी म्हटलं.

"नसेल म्हंजे? मानसं मरत न्हाईत व्हय तकडं? एवढी मोठी संस्था, वर्सात एक बी सभासद गेला न्हाई?"

दस्तगीरभाई मागून म्हणाले, "इसरले असतील. सर, तुमी घ्या. आपल्या गावाची शोभा राहील."

मागच्या रांगेतही ती कुजबुज पसरली आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात ताळेबंद संपला, पडद्यावरून माझं नाव पुकारलं गेलं, अगदी बरोबर उच्चारात, आणि कोपऱ्यात तीन मिनिटांचं घड्याळ सुरू झालं.

मी उठलो. खिशातला कागद काढला. "रिस्पेक्टेड चेअरमन साहेब," म्हटलं, आणि प्रश्न वाचणार तोच मला पाठीवर सगळ्या उंब्रजची नजर जाणवली. माझी सवय जिभेवर आली. मी इंग्रजीत म्हणालो की प्रश्न विचारण्यापूर्वी, गेल्या वर्षभरात आपण आपल्यातली जी माणसं गमावली, त्यांच्यासाठी आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळावी, अशी मी नम्र विनंती करतो. आणि मान खाली घातली.

माझ्यामागे उंब्रज एका आवाजात उभं राहिलं, यात आम्हाला सराव आहे. पडद्यावर मात्र आधी काहीच झालं नाही. अध्यक्षाने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठी टेकत उठली. तिच्या शेजारचा उठला. मग रांगा उठत गेल्या. सगळ्यात शेवटी स्टेज उठलं. सगळा हॉल मान खाली घालून उभा. आमच्याकडे महामार्गावरून ट्रक जात होते, तेवढाच आवाज. मी एका डोळ्याने घड्याळ पाहत होतो. ते थांबलं नव्हतं. पण श्रद्धांजली मध्येच कशी आवरणार? तशी रीत नाही. मी दोन मिनिटं प्रामाणिकपणे पाळली आणि शिरस्त्याप्रमाणे वर थोडी जादाही दिली. मान वर केली तेव्हा घड्याळात शून्य होतं आणि माझा माइक त्यांनी तिकडून बंद केला होता.

"लय भारी झालं," लालासाहेब हळूच म्हणाले. "पन प्रश्न कवा इचारला?"

मी खाली बसलो. एवढी बँक, एवढी सही, एवढा हॉल, आणि कागद हातात तसाच. शाळेत एखाद्या मुलाने असं केलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मला रडायलाच आलं होतं, पण झालरींखाली बसून रडणं बरं दिसलं नसतं.

पडद्यावर अध्यक्ष मात्र खाली बसला नव्हता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तो बोलला ते मला सगळं समजलं, कारण तो फार सावकाश बोलला. गेल्या वर्षी कंपनीने तीन शाखा बंद केल्या होत्या. शेकडो माणसं कामावरून गेली. आमच्या अहवालात त्यांच्यासाठी एक ओळ नाही, आणि भारतातल्या एका बापाला ती आठवण करून द्यावी लागते, याची मला लाज वाटते, असं तो म्हणाला. मी त्या शाखांबद्दल वाचलं होतं, पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त वारलेले सभासद होते.

"त्यांनी प्रश्न विचारला नाही," अध्यक्ष म्हणाला, "पण तो प्रश्न या हॉलमधल्या सगळ्यांच्या मनात आहे." शेजारच्या गृहस्थाने त्याची बाही ओढली, बहुधा वकील असावा. अध्यक्षाने बाही सोडवून घेतली. सध्या जो मोठा गेम चालू आहे तो आम्ही पुरा करू आणि बाजारात आणू. त्यानंतर असा गेम आम्ही पुन्हा करणार नाही. एवढं बोलून तो बसला.

"मंजूर, मंजूर," आमच्या मागच्या रांगा सवयीने ओरडल्या. माइक बंद होता ते बरं झालं.

दस्तगीरभाई म्हणाले, "सर, न इचारता उत्तर?"

"आमच्या कारखान्यात तीस वर्सांत इचारून बी मिळालं न्हाई," लालासाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच मी त्यांना कुठल्या तरी चेअरमनकडे आदराने पाहताना पाहिलं.

म्हणजे बंद करणार. म्हणजे प्रिया येणार. मला कार्यालयाच्या दारापर्यंत जायचाही दम निघाला नाही. तिथूनच प्राचार्यांना फोन लावला, मुलगी येते आहे, जागा धरा म्हणून सांगितलं. बायकांच्या रांगेतल्या शालूला म्हटलं, उद्या तिच्या खोलीतली माझी नकाशांची भेंडोळी काढून टाकू. तेवढ्यात प्रियाचाच फोन आला.

"पप्पा, सगळं ऑफिस बघत होतं. सगळे उभे राहिले. आमचे साहेब पण."

"तुला लाज वाटली का गं?"

"आधी वाटली. टेबलाखाली जावंसं वाटलं. मग माझ्या शेजारची मुलगी रडायला लागली, तिच्या मैत्रिणी होत्या त्या बंद झालेल्या शाखेत. मग नाही वाटली."

"बरं. कधी येतेस?"

"पप्पा, मी नाही येत."

"अगं, बंद करणार म्हणाले ना."

"यानंतर. हा पुरा करणार म्हणाले. म्हणजे हा शेवटचा. एवढा मोठा मुलूख पुन्हा कुणी करायलाच देणार नाही मला. कुठंच. तो अर्धा टाकून मी कशी येऊ?"

"आणि तो संपल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा. नोकरी गेली तर जाईल. पण हा डोंगर माझा आहे, पप्पा, तो मीच पुरा करणार."

मी म्हटलं, बरोबर आहे. पालकसभेत म्हणतो त्याच आवाजात म्हटलं. मग पुन्हा प्राचार्यांना फोन लावला. ते म्हणाले, "सर, आत्ताच तर हो म्हणालात. ही जागा परत निघायची नाही."

"माहीत आहे."

"मुलीची काही अडचण आहे का?"

"अडचण काही नाही," मी म्हटलं. "तिचं काम चालू आहे."

माणसं पांगली होती. दस्तगीरभाई पडदा गुंडाळत होते. शालू माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.

"तुमाला ती घरी यायला पायजे हुती न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. मुलांचं 'व्हय' खोडून 'होय' करण्यात माझा जन्म गेला आहे, पण त्या वेळी तेच तोंडातून आलं.

"मग तुमी बँकेत गेला, लालासायबांकडं गेला, त्या परदेशच्या बाईला लिवलं. पोरीला हे कवा सांगितलं?"

मी उठलो. दाराबाहेर जाऊन फोन लावला. प्रियाने उचलल्यावर म्हटलं, "तू म्हणतेस ते बरोबर आहे, राहा तिथं, पुरं कर. पण तू घरी यावीस असं मला फार वाटत होतं. तेवढं सांगायचं होतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज आला. ती ऑफिसातून बाहेर आली असावी.

मग ती म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही आधी म्हणाला असता ना, तर मी कधीच निघून आले असते."

"म्हणूनच म्हणालो नाही," मी म्हटलं.

हे काही खरं नव्हतं. असला मोठा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. पण ती पलीकडे रडायला लागली, आणि मग खरं काय ते सांगायची सोय राहिली नाही.